नगर ते जमरूद : सव्वादोन तास, एकोणीस दिवस

इंटरनेटवर अशा ढिगाने साइट्स आहेत, जिथे कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ मिळतो. त्या दोन ठिकाणांमध्ये विमान खरोखर उडतं की नाही, याच्याशी साइटला काही देणंघेणं नसतं. आतला प्रोग्रॅमही जेमतेम चार ओळींचा. अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वी गोल आहे असं धरून अंतर काढा, ताशी आठशे किलोमीटरने भागा, वर टेकऑफ-लँडिंगची पंधरा-वीस मिनिटं मिळवा. झालं! अशा साइटला शिर्डी आणि पेशावर ही जोडी दिली, तर उत्तर येतं साधारण सोळाशे किलोमीटर आणि सव्वादोन तास.

शिर्डीचा विमानतळ म्हणजे खरं तर काकडी गावचा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि नगर जिल्ह्याला प्रवासी विमान मिळालं. (२०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. पण एसटी स्टँडवर अजून 'नगर' म्हटलं की पुरतं, म्हणून मीही इथे नगरच म्हणतो.) काकडीहून मुंबई, हैदराबाद, दिल्ली वगैरे ठीक. पेशावरला विमान नाही, कधीच नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये तर भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आपापली हवाई हद्दच बंद करून टाकली.

मग ही विचित्र जोडी कशाला? तर एके काळी नगरहून पेशावरपर्यंत, नव्हे त्याच्याही थोडं पुढे, एक निरोप पोचवायचा होता. तो किती दिवसांत पोचतो यावर हिंदुस्थानचं तख्त अवलंबून होतं. शिवाय आपल्या साताऱ्याच्या गादीचं काय होणार, हेही त्यातच अडकलं होतं.

३ मार्च १७०७. नगरजवळ भिंगारच्या बाजूला मोगल छावणीत औरंगजेब वारला. वय ८८. (जुन्या इंग्रजी पुस्तकांत २० फेब्रुवारी अशी तारीख दिसते. इंग्लंड तेव्हा जुनं कॅलेंडर वापरायचं, त्यात अकरा दिवसांचा फरक. इथे मोगलांकडच्या तारखा आजच्या कॅलेंडरप्रमाणे दिल्यात.) दक्षिण जिंकायला आलेला हा माणूस पंचवीस वर्षं इथेच फिरत राहिला आणि वाकिणखेड्याच्या वेढ्यानंतर १७०६ च्या सुरुवातीला थकून नगरला परतला. हा आपला शेवटचा मुक्काम, असं तो तेव्हाच म्हणाला होता असं सांगतात. दफन खुलताबादला झालं, पण नगरला भिंगारजवळ आलमगीर नावाने ओळखली जाणारी जागा आजही आहे.

औरंगजेबाला आपल्या घराण्याची रीत चांगलीच ठाऊक होती. त्याने स्वतः बापाला कैदेत टाकून आणि भावांना संपवून गादी मिळवली होती. आपल्या मागे छावणीतच मुलांची जुंपू नये म्हणून त्याने मरणाच्या थोडेच दिवस आधी धाकट्या दोघांना वेगवेगळ्या दिशांना धाडलं. त्यामुळे ३ मार्चला तीन मुलं तीन ठिकाणी होती, आणि खरी गंमत या तीन अंतरांतच आहे.

मधला आझमशाह, वय ५३. त्याला माळव्याला जायला सांगितलं होतं. पण बापाची तब्येत बघून हा पठ्ठ्या मुद्दामच रमतगमत चालला होता. फार तर दोन-चार मुक्काम पुढे गेला असेल.

धाकटा कामबक्ष, वय जवळपास ४०. त्याला विजापूर दिलं होतं. बातमी मिळाली तेव्हा तो परांड्यापर्यंत पोचला होता. नगर ते परांडा सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर.

आणि थोरला मुअज्जम, वय ६३. बापाने संशयावरून याला सात वर्षं कैदेत ठेवलं होतं, मग सोडून काबूलची सुभेदारी दिली होती. तो होता जमरूदला. पेशावरच्या पश्चिमेला, खैबर खिंडीच्या तोंडावर. नगर ते जमरूद हवाई अंतर १६९० किलोमीटर.

थोडक्यात एक भाऊ हाकेच्या अंतरावर, दुसरा दोन-तीन दिवसांच्या घोडदौडीवर आणि तिसरा साम्राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या काळी पैज लावायची झाली असती, तर बहुतेकांनी आझमवर लावली असती. लावलीच! वजीर असदखान, त्याचा मुलगा झुल्फिकारखान असे बडे सरदार आझमकडेच गेले. कामबक्षाबरोबर विजापूरला निघालेले तुराणी सरदारसुद्धा परांड्याहून त्याला सोडून आझमकडे परतले.

आता निरोपाकडे येऊ. मोगलांची डाक ही त्या काळातली भारी गोष्ट होती. अकबराच्या वेळच्या व्यवस्थेचं फिरिश्ताने वर्णन केलंय. दर पाच कोसांवर चौकी, चौकीवर दोन घोडे आणि काही मेवडे. मेवडे म्हणजे मेवातचे पळणारे लोक. एकाने थैली आणायची, दुसऱ्याने तीच घेऊन पुढे पळत सुटायचं. रात्र असो की दिवस, थैली थांबत नाही. या हिशोबाने चोवीस तासांत पन्नास कोस, आणि आग्र्याचं पत्र पाच दिवसांत अहमदाबादला. मोगल कोस साधारण चार किलोमीटरचा धरला तर दिवसाला दोनशे किलोमीटर झाले.

पण हा झाला ब्रोशरमधला स्पीड. ब्रॉडबँडवाला 'अपटू' लिहितो ना, तसा. १७०७ मध्ये प्रत्यक्षात काय झालं? बातमी जमरूदला पोचली २२ मार्चला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी. नगर, औरंगाबाद, बुऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, लाहोर, अटक, पेशावर अशी वाट धरली तर रस्त्याने एकवीसशे किलोमीटर तरी होतात. दिवसाला सरासरी ११०. ब्रोशरच्या निम्मा वेग पडला.

तरीही मला हा आकडा थक्क करतो. वाटेत गोदावरी, तापी, नर्मदा, चंबळ, मग पंजाबच्या सगळ्या नद्या आणि शेवटी सिंधू. वर नर्मदेच्या अलीकडचा मुलूख मराठ्यांच्या धाडींनी हैराण झालेला. तुलनेसाठी आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ त्या सावकारी पत्रातून सुगावा लागला तो २४ जानेवारीला. मोती आणि मोहरांचं ते पत्र आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. पानिपत ते भेलसा सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर, दहा दिवस. दिवसाला पासष्ट किलोमीटर. नगर-जमरूद निरोपाचा वेग, त्याच पद्धतीने सरळ रेषेत मोजला तर, दिवसाला ८९ पडतो. मोडकळीला आलेल्या साम्राज्याची डाकसुद्धा अजून धावत होती म्हणायची.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. जवळच्याला बातमी आधी, लांबच्याला उशिरा. म्हणजे जवळचा जिंकणार.

पण थांबा. शर्यत नगरला यायची नव्हतीच. शर्यत होती आग्र्याला पोचायची. अकबर-जहांगीरपासून साठलेला खजिना आग्र्याच्या किल्ल्यात होता. तो ज्याच्या हाती, त्याचं सैन्य उभं राहणार. किल्लेदार बाकीखान शहाणा होता. दोघांपैकी जो शाहजादा स्वतः आधी येईल त्याच्या हवाली किल्ला करीन, तोपर्यंत कोणालाच नाही, अशी त्याची भूमिका.

मग आग्र्यापासून कोण किती लांब? मी हे अंतर काढलं आणि दोनदा तपासून बघितलं. नगर ते आग्रा : ९६० किलोमीटर. जमरूद ते आग्रा : ९९० किलोमीटर. फक्त तीस किलोमीटरचा फरक! नकाशावर आग्र्यात कंपासची टोकदार बाजू रोवा आणि पेन्सिल नगरवर ठेवून वर्तुळ काढा. ते फिरत फिरत थेट पेशावरच्या आसपास जाईल. साम्राज्याची दोन टोकं, आणि बक्षिसापासून दोघं जवळपास सारख्याच अंतरावर. शाळेत वाचलेल्या इतिहासात ही गोष्ट कधी आली नाही. तिथे मुअज्जम 'दूर काबूलला' असतो आणि आझम 'जवळच'. कशाच्या जवळ? मेलेल्या बापाच्या.

आता टाइमशीट मांडू. आझम ५ मार्चच्या सुमारास छावणीत परतला. त्याला बातमी मुअज्जमच्या सतरा दिवस आधी मिळाली होती. सतरा दिवसांत हलकी फौज घेऊन निघाला असता, तर मुअज्जमच्या कानावर बातमी पडेपर्यंत तो नर्मदेपार असता. त्याने काय केलं? बापाचं शव खुलताबादला रवाना केलं, हे ठीकच. मग मुहूर्त बघितला. बकरी ईदच्या दिवशी, १४ मार्चला, नगरलाच तख्तावर बसला. बढत्या, किताब, खिलती वाटल्या. नगरहून निघाला १७ मार्चला. सतरापैकी बारा दिवस इथेच गेले. उरली आघाडी पाच दिवसांची.

पुढचा प्रवास तर आणखीच रेंगाळला. मोगल छावणी म्हणजे चालतं शहर. बाजारबुणगे, जनाना, तंबू, हत्ती, बैल, तोफा. सगळ्यात हळू चालणाऱ्या बैलाचा जो वेग, तोच साऱ्या छावणीचा वेग. मार्च-एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडचा कडक उन्हाळा. खानदेशातून माळव्यात चढताना पाण्याविना माणसं-जनावरं मेली. तोफांचा जड पसारा मागेच सोडावा लागला. या सैन्यात दलपतराव बुंदेला होता आणि त्याच्या पदरी भीमसेन सक्सेना नावाचा बुऱ्हाणपूरचा कायस्थ कारकून. भीमसेनाने आठवणी लिहून ठेवल्या, 'नुस्खा-ए-दिलकुशा' या नावाने. औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांत दक्षिणेत काय चाललं होतं, हे मोठ्या इतिहासकारांपेक्षा या कारकुनाच्या वहीत जास्त जिवंत दिसतं. (कंपनीत खरं काय चाललंय हे सीईओच्या मेलमधून कळत नाही, अकाउंट्समधल्या माणसाला विचारावं लागतं, तसंच.)

आझमकडे आणखी एक हुकमी पत्ता होता. त्याचा थोरला मुलगा बेदारबख्त. कर्तबगार, लोकप्रिय, आणि त्या वेळी गुजरातेत. तिथून आग्रा तुलनेने जवळ. शिवाय आग्र्याचा सुभेदार मुख्तारखान हा बेदारबख्तचा सासरा! त्याला 'जा, आग्रा ताब्यात घे' एवढा निरोप गेला असता तरी काम झालं असतं. पण छावणीतल्या लोकांनी आझमचे कान भरले, की मुलगा आधी पोचला तर खजिना आणि तख्त दोन्ही तोच घेईल. घराण्याची रीत बघता ही भीती अगदीच अस्थानी नव्हती म्हणा. झालं, बेदारबख्तला हुकूम गेला, माळव्यात थांब, मी येतोय. तो तिथे बापाची वाट बघत बसून राहिला.

आता दुसऱ्या टोकाला बघू. मुअज्जमची ख्याती तशी मवाळ माणूस अशी. सात वर्षं कैदेत काढल्यावर माणूस तोंड मिटून राहायला शिकतो. पण त्याच्याकडे मुनीमखान होता. हा मुअज्जमच्या जहागिरींचा कारभार बघायचा आणि पंजाबात लाहोरकडे असायचा. म्हातारा बादशहा आज ना उद्या जाणार, हे काय गुपित नव्हतं. तेव्हा मुनीमखानाने आधीपासूनच गुपचूप तयारी चालवली. लाहोर ते पेशावर वाटेवरच्या नद्यांवर होड्या जमवून ठेवल्या, म्हणजे वेळ आली की पूल बांधता येतील. ओझ्याचे उंट, बैल, पैसा यांचीही जुळवाजुळव केली. वाचताना वाटतं, असा प्रोजेक्ट मॅनेजर आपल्याला एकदा तरी मिळावा. रिलीजच्या आदल्या रात्री धावपळ न करणारा!

२२ मार्चला बातमी आली आणि मुअज्जम लगोलग निघाला. हिमालयातलं बर्फ वितळायला लागण्याचे हे दिवस, पंजाबच्या नद्यांना पाणी चढत जाणारं. पण होड्या तयार होत्या. राज्याभिषेकाचा समारंभ त्यानेही केला, फक्त त्यासाठी निघणं लांबवलं नाही. लाहोरच्या अलीकडे पुल-ए-शाहदौला इथे वाटेतल्या मुक्कामावरच बहादुरशाह म्हणून द्वाही फिरवली. लाहोरचा खजिना घेतला, पुढे दिल्लीचा घेतला आणि आग्र्याकडे वळला.

आणि आग्र्यात आधीच कोण होतं? मुअज्जमचा मुलगा अझीमुश्शान. हा बंगालचा सुभेदार. आजोबांनी बोलावलं म्हणून बंगालहून निघाला होता, वाटेत मृत्यूची बातमी कळली, तसा फौज आणि बंगालचा पैसा घेऊन थेट आग्र्यावर गेला. मुख्तारखानाला त्याने ताब्यात घेतलं. किल्ला बाकीखानाने त्यालाही दिला नाही, पण शहर हातात आलं. एका बापाने मुलाला थांबवलं, दुसऱ्याचा मुलगा आपणहून धावला. एवढ्या एका गोष्टीने अर्धी लढाई झाली, असं माझं मत.

१२ जूनला मुअज्जम आग्र्याला पोचला आणि बाकीखानाने शब्द पाळून किल्ला उघडला. त्याच दिवसांत आझम कुठे होता? ग्वाल्हेरला. आग्र्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. जवळजवळ तीन महिने चालून थोडक्यात हुकलं.

मी दोघांचा सरासरी वेग काढला, अर्थात सरळ रेषेतला. मुअज्जम : ८१-८२ दिवसांत ९९० किलोमीटर, दिवसाला बारा. आझम : ग्वाल्हेरपर्यंत ८६ दिवसांत साधारण ८७०, दिवसाला दहा. दिवसाला दोन किलोमीटरचा फरक. संध्याकाळी आपण सोसायटीभोवती जेवढ्या चकरा मारतो, तेवढा. पण ऐंशी दिवस रोज दोन किलोमीटर म्हणजे १६० किलोमीटर, आणि आझमला कमी पडले ते त्याहून कमीच.

एक मजेशीर गोष्ट इथे लक्षात येते. डाकेची थैली सरळ रेषेत दिवसाला ८९ किलोमीटर धावत होती आणि सैन्य दहा-बारा. म्हणजे 'प्रवासाला किती वेळ लागतो' या प्रश्नाला १७०७ मध्ये एक उत्तरच नव्हतं. काय जातंय त्यावर उत्तर बदलायचं. कागद जात असेल तर एकोणीस दिवस, हत्ती जात असतील तर साडेपाच महिने. विमानतळांच्या साइटला हा प्रश्न पडत नाही, कारण विमानात थैली आणि माणूस एकाच वेगाने जातात.

आझमने ग्वाल्हेरला जनाना आणि जड सामान असदखानाकडे सोडलं, चंबळ ओलांडली आणि २० जून १७०७ रोजी आग्रा-धौलपूरच्या मध्ये जाजाऊला दोघा भावांची गाठ पडली. जूनमधली ती दुपार, समोरून तोंडावर येणारी लू, पाण्याची टंचाई. दलपतराव बुंदेला पडला, कोट्याचा रामसिंह हाडा पडला, बेदारबख्त पडला. झुल्फिकारखान लढाई अर्धवट टाकून ग्वाल्हेरला परतला. संध्याकाळपर्यंत आझमही मारला गेला. नगरला तख्तावर बसल्यापासून शंभर दिवससुद्धा झाले नव्हते. परांड्याचा कामबक्ष आणखी दीड वर्ष टिकला. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळच्या लढाईत तोही संपला.

मोगलांची गोष्ट इथे संपते. पण आझमच्या त्या रेंगाळत चाललेल्या छावणीत आणखी एक माणूस होता. त्याला या शर्यतीत पळायचं नव्हतं. त्याला नेलं जात होतं.

संभाजीराजांचा मुलगा शाहू. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असताना आई येसूबाईंसकट मोगलांच्या हाती लागला आणि तेव्हापासून बादशहाच्या छावणीबरोबर फिरत राहिला. आता तो पंचवीसच्या घरात आला होता. १७ मार्चला आझम नगरहून निघाला तेव्हा शाहूलाही बरोबर घेतलं. आझम रोज दहा किलोमीटर आग्र्याच्या जवळ जात होता, तेव्हा शाहू रोज दहा किलोमीटर साताऱ्यापासून लांब जात होता. आझम जिंकला असता तर शाहू आग्रा-दिल्लीत अडकला असता. हरला तर नव्या बादशहाच्या हाती. आणि एकदा दिल्लीच्या तटबंदीआड गेल्यावर सुटका किती कठीण, हे येसूबाईंवरून कळतं. त्यांना परत यायला १७१९ साल उजाडलं, आणि त्यासाठी बाळाजी विश्वनाथांना फौज घेऊन दिल्लीपर्यंत जावं लागलं.

नर्मदा ओलांडल्यावर, भोपाळजवळ दोराहा इथे, मे १७०७ मध्ये शाहू सुटला. सल्ला झुल्फिकारखानाचा, असं सांगतात. शाहू परत गेला की ताराबाई आणि त्याच्यात गादीवरून भांडण लागेल, मराठे आपसात गुंततील आणि आझमची पाठ सुरक्षित राहील, असा हिशोब. रीतसर परवानगीने सोडलं की जाऊ दिलं, कानाडोळा केला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. येसूबाई आणि कुटुंबातले इतर लोक मात्र ओलीस म्हणून मागेच राहिले.

मला इथे तारखा महत्त्वाच्या वाटतात. शाहू सुटला तेव्हा नगर सोडून सात-आठ आठवडे झाले होते. आझमने मार्चमध्ये ते बारा दिवस घालवले नसते, हलक्या फौजेने पळाला असता, तर मे महिन्यात तो आग्र्याच्या दारात असता. मग शाहूला सोडायची त्याला गरज वाटली असती का? खजिना हातात असलेला बादशहा हातातला ओलीस कशाला सोडेल? आझम जिंकून बसला असता तर सातारची गादी, पुढची पेशवाई, यांचं काय झालं असतं कोण जाणे. जर-तरचा इतिहास लिहू नये म्हणतात. पण विकेंडला थोडा चालतो.

शाहूचा परतीचा प्रवास म्हणजे वेगाचं तिसरंच गणित आहे. निघाला तेव्हा बरोबर मूठभर माणसं. दोराहा ते नगर सरळ रेषेत साडेपाचशेच्या आत. एकटा घोडेस्वार दोन आठवड्यांत आला असता. शाहूने सुमारे तीन महिने घेतले, आणि त्याला उशीर म्हणता येणार नाही. कारण त्याला पोचायचं नव्हतं, जमवत यायचं होतं. बिजागडला मोहनसिंग रावळ मिळाला, खानदेशात लांबकानीला सुजनसिंग रावत मिळाला, मग एकेक मराठा सरदार येत गेले. औरंगाबादकडे पारद नावाच्या गावी चकमक झाली, त्यात गावचा पाटील मारला गेला. पाटलीण तान्हं मूल घेऊन शाहूपुढे आली आणि ते त्याच्या पायांवर घातलं. शाहूने त्याला आपलं म्हणून वाढवलं, नाव ठेवलं फत्तेसिंह. अक्कलकोटचे भोसले ते हे. इकडे ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे. अठरा वर्षं कोणी न पाहिलेला माणूस, तेव्हा म्हणायला वाव होताच.

पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमाराला, शाहू येऊन थांबला तो नेमका नगरला. मार्चमध्ये कैदी म्हणून जिथून हलवला होता, तिथेच. आता स्वतःची फौज घेऊन. साडेपाचशे किलोमीटर जाऊन साडेपाचशे परत. आपल्या त्या चार ओळींच्या प्रोग्रॅमला सुरुवात आणि शेवट दिला तर तो सांगेल : अंतर शून्य, प्रवासाचा वेळ शून्य.

या मुक्कामातच तो खुलताबादला जाऊन औरंगजेबाच्या कबरीचं दर्शन घेऊन आला. संभाजीराजांचा मुलगा, त्यांना मारणाऱ्याच्या कबरीशी. कुणाला यात राजकारण दिसतं, की मोगल सरदारांना उगाच बिथरवायचं नाही. कुणाला वाटतं की अठरा वर्षं ज्याच्या छायेत काढली त्याच्याविषयी काहीतरी असणारच. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकांना मायेने वागवलं असंही सांगतात. मला दोन्ही पटतं.

पावसाळा सरल्यावर तो भीमेकडे निघाला. ऑक्टोबरात खेडजवळ ताराबाईंच्या फौजेशी गाठ पडली, तिथे धनाजी जाधव शाहूकडे आले. पुढे सातारा घेतला आणि जानेवारी १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला. नगर ते सातारा हवाई अंतर भरतं १७५ किलोमीटर. त्याला लागले पाच महिने.